गुत्ता, गोळी आणि गावाची नजर

कायद्याचं पुस्तक काटेकोरपणे वाचलं, तर जालना जिल्ह्यात दारू पिणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात परवाना असायला हवा. देशीसाठी एका दिवसाचा परवाना २ रुपयांत मिळतो, विदेशीसाठी ५ रुपयांत. बिअर नि वाइनला वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, देशी नि विदेशी कडक दारूला २५. मोंढ्यात दिवसभर पोती वाहून संध्याकाळी चपटी खिशात सरकवणाऱ्या हमालाला हे कुणी सांगितलं, तर तो आधी हसेल आणि मग विचारेल, परवान्याचं राहू द्या, दुकान किती वाजता बंद होतं ते सांगा. राज्यात आजही लागू असलेला कायदा दारूबंदीचा आहे, १९४९ सालचा. तो राबवणारं खातं मात्र राज्य उत्पादन शुल्काचं. एका कप्प्यात बंदी, दुसऱ्या कप्प्यात वसुली, आणि दोन्ही एकाच टेबलाला. ही व्यवस्था पाऊणशे वर्षं सुखाने नांदते आहे.

व्यसनांच्या बदलत्या रूपावर बोलायचं म्हटलं की साधारणपणे एक सूर लागतो. पूर्वी बरं होतं, आताची पोरं बिघडली. जालन्याचा इतिहास या सुराला साथ देत नाही.

हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाची तिजोरी जमीन महसुलाच्या जोडीने अबकारीवर चाले. शिंदीची बनं सरकारी हिशेबात असत, गुत्त्यांचे लिलाव होत आणि लिलाव घेणारा माणूस गावात तालेवार गणला जाई. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडण्याचा कार्यक्रम घेतला. त्यात नीतीचा भाग होताच, पण कुऱ्हाडीचा नेम निजामाच्या उत्पन्नावर होता. स्वातंत्र्यलढ्याच्या गौरवात हा तपशील हल्ली मागे पडतो. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ ला औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतले तालुके काढून जालना जिल्हा झाला. राज्यकर्ते बदलले. दारूच्या पैशावर सरकार चालवायची रीत तेवढी कुणी मोडली नाही.

दारूबंदी हळूहळू सैल होत गेली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. साखर कारखानदारीच्या भरभराटीचा हा काळ. उसातून साखर निघते आणि मागे मळी उरते. मळी आंबवून मद्यार्क काढता येतो आणि मद्यार्कात पाणी, रंग, वास घातला की बाटली तयार होते. या साखळीचं शेवटचं टोक जालना जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर आहे, आणि गंमत अशी की पहिलं टोकही तिथेच आहे.

दसरा-दिवाळी आटोपली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ट्रॅक्टर-ट्रक भरून कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते आणि फेडायची असते दोघांनी, पहाटेच्या थंडीत फडात वाकून. उचलीतला काही भाग ट्रॅक्टर यायच्या आतच दुकानात जमा झालेला असतो. मग साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या कुठल्या तरी कारखान्यावर हीच जोडी ऊस तोडते. त्या उसाची मळी होते, मळीची दारू होते आणि ती खोक्यांतून परत गावाकडे येते. स्वतः तोडलेल्या उसाची दारू स्वतःच्याच उचलीतून विकत घेणारा हा माणूस अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. त्याच्या बायकोला मात्र हा हिशेब तोंडपाठ असतो.

देशीच्याही खाली हातभट्टी आहे. काळा गूळ, नवसागर, जमिनीत पुरलेली पिंपं, रसायन पिकल्याचा उग्र दर्प आणि वाहतुकीला ट्रकच्या चाकातली रबरी ट्यूब. पोलीस येतात, रसायन ओततात, पिंपं फोडतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते आणि आठवड्याभरात भट्टी दुसऱ्या ओढ्याला लागते. ज्या वस्तीत ती लागते तिथल्या बाईला दुसरं काय काम मिळेल, याचा पंचनामा कुणी करत नाही.

या सगळ्या दारूला एक गोष्ट समान होती. ती दिसत होती. दुकान गावाच्या वेशीवर, पिणारा झिंगत घरी, वास दाराबाहेरपर्यंत. कोण किती पितो हे गावाला ठाऊक असे. वर्षाचं वेळापत्रकही ठरलेलं होतं. पोळ्याची कर, कापसाचे पैसे हातात आले की आठवडाभर, ग्रामपंचायतीची निवडणूक, लग्नाची वरात आणि आखाडाच्या शेवटी गटारी. जे दिसतं त्याच्याविरुद्ध गाव उभं राहू शकतं. २००८ सालच्या सरकारी आदेशाने गावातल्या बायकांना एक हत्यार दिलं. एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला कौल मिळाला की दुकान बंद.

मेख नियमात आहे. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. आमदार-खासदार निवडायला अशी अट नाही. आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात तारखेचाही प्रश्न येतो. मतदान डिसेंबर-जानेवारीत ठेवलं, तर जिच्यावर दारूचा सगळ्यात जास्त मार बसतो ती बाई त्या दिवशी शेकडो किलोमीटरवर उसाच्या फडात असते. तिचं नाव यादीत असतं, मत नसतं, आणि नियमाप्रमाणे ती गैरहजेरी उभ्या बाटलीच्या पदरात पडते. अशा मतदानाची मागणी करणाऱ्या महिला मंडळाने तारीख पावसाळ्यातली मागावी, एवढी साधी सूचना इथे करून ठेवण्यासारखी आहे.

दुकान बंद झालं म्हणजे दारू बंद झाली असंही नाही. महाराष्ट्रात वर्धा १९७० च्या दशकापासून, गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. तिन्ही जिल्ह्यांचे अनुभव वेगळे आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या कामामुळे बंदीच्या मागे गावांची चळवळ उभी होती, तिला ग्रामसभांचा पाया होता. चंद्रपुरात बंदी टिकली नाही.

विदेशी दारू खेड्यात आली ती रस्त्याने. औद्योगिक वसाहतीतल्या सळईच्या गिरण्या, बियाण्यांच्या कंपन्या, रुंद झालेले महामार्ग आणि त्यांच्या कडेचे धाबे. ‘बसायचं का?’ या दोन शब्दांच्या प्रश्नाला आता कुणी पूर्ण वाक्य जोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला, तेव्हा काही दिवस दुकानांच्या शटरपेक्षा मोजणीच्या टेपचीच चर्चा जास्त झाली. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरचं शुल्क वाढवलं. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरची किमान किंमत देशीला ८० रुपये, विदेशीला २०५ रुपये झाली आणि मधल्या जागेत १४८ रुपयांचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्यापासूनच्या दारूचा नवा प्रकार काढण्यात आला. दर वाढला की पिणं घटतं, हे जगभर दिसून आलेलं आहे. पण ते घटतं कधी, तर खाली स्वस्त पायरी नसेल तेव्हा. इथे विदेशीवरून घसरलेल्यासाठी मधली पायरी सरकारनेच बांधली, तिच्याखाली देशी आहे आणि देशीखाली हातभट्टी. जादा १४ हजार कोटींची अपेक्षा ठेवून केलेल्या या बदलाला व्यसनमुक्तीचं धोरण म्हणणं धाडसाचं होईल.

खरा बदल मात्र बाटलीच्या बाहेर झाला आहे.

जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटर. तिथल्या पोरांमध्ये गेल्या काही वर्षांत ‘बटन’ हा शब्द रूढ झाला. बटन म्हणजे झोपेची किंवा चिंता कमी करणारी गोळी. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम ही त्यांतली नावं. मालेगावात अशाच गोळीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. ही औषधं वाईट नाहीत. मनोविकारतज्ज्ञ ती रोज लिहून देतात आणि नीट घेतली तर उपयोगी पडतात. पण चिठ्ठीशिवाय, दोनाऐवजी दहा आणि वर दारू, असं घेतलं की चित्र पालटतं. दारू आणि ही गोळी मेंदूत जवळजवळ एकाच यंत्रणेला दाबतात. दोन्ही एकत्र आली की भीड चेपते, केलेलं आठवत नाही आणि प्रमाण थोडं चुकलं तर झोपेत श्वास थांबतो. सकाळी पोलीस विचारतात तेव्हा पोरगा सांगतो की मला काहीच आठवत नाही, आणि कित्येकदा ते खरं असतं.

आईला काय दिसतं? तोंडाला वास नाही, डोळे लाल नाहीत, पोरगं नुसतं सुस्त. अभ्यासाने थकलं असेल, मोबाइल बघत जागलं असेल. रिकामी चंदेरी पट्टी सापडली तरी तिला ती डोकेदुखीच्या गोळीची वाटते. दुकानदारावर कायद्याचं बंधन आहे. अशा गोळ्यांची गणना अनुसूची एच-१ मध्ये होते, २०१४ पासून त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, गोळ्यांची संख्या लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. भट्टीची पिंपं फोडायला अख्खं पथक जातं. ही वही उघडून दोन पानं वाचायला एक माणूस पुरतो.

दुसरं उदाहरण आणखी विचार करायला लावणारं आहे, कारण त्यात पोरं वाया गेलेली नसतात. जालन्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ आहे. पोलीस भरतीचं आकर्षण इथल्या खेड्यांना जुनंच. पहाटे चारला कोणत्याही रस्त्यावर भरतीची पोरं पळताना दिसतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात नोकरी म्हणजे वर्दी. १६०० मीटरची धाव काही सेकंदांनी हुकली की वर्ष गेलं. अशा मुलांपर्यंत आणि व्यायामशाळांतल्या हौशी पैलवानांपर्यंत मेफेंटरमाइनचं इंजेक्शन पोहोचलं आहे. बोलीत ‘टर्मिन’. पाठीच्या मणक्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली आला, तर शस्त्रक्रियेच्या खोलीत भूलतज्ज्ञ हे औषध वापरतो. तेच शिरेत टोचून घेतलं की थकवा जाणवत नाही, छाती धडधडते, पाय पळत राहतात. हृदयाचा ठोका चुकण्याची, संशय आणि भास होण्याची, इंजेक्शनाशिवाय अंग न हलण्याची वेळ पुढे येते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पोलिसांनी या इंजेक्शनांचे साठे पकडले आहेत. गावाने या मुलांना व्यसनी म्हणायचं कसं? ती तर गटारीलाही पीत नाहीत, दूध-अंडी खातात, हनुमानाला नारळ फोडतात.

आणि मग एमडी. मेफेड्रोन हे रसायन फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. त्याआधी ते बाळगणं या कायद्याखाली गुन्हाच नव्हता. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आला तेव्हा तो सीमेपलीकडून, बंदरातून, हस्तकांच्या साखळीतून येई. एमडी असं दुरून यावं लागत नाही. बंद पडलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या रासायनिक कारखान्यात ते तयार होतं. ऑक्टोबर २०२३ हा एकच महिना पाहावा. नाशिकजवळ शिंदे गावात कारखाना सापडला, सोलापूरला चिंचोळी औद्योगिक वसाहतीत सापडला, आणि महसूल गुप्तचर संचालनालय व अहमदाबाद गुन्हे शाखेने पैठणला छापा घालून कोकेन, मेफेड्रोन आणि केटामाइनचा साठा पकडला. त्याची किंमत अडीचशे कोटींच्या वर सांगण्यात आली. पैठण म्हणजे अंबडच्या शेजारचा तालुका. पैठणीचं, एकनाथांचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याजवळ कुरकुंभला याहून कितीतरी मोठं घबाड निघालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूरचं प्रकरण उघडकीला आलं आणि देवीच्या गावात आरोपींच्या यादीत पुजाऱ्यांचीही नावं आली, तेव्हा मराठवाड्याने पहिल्यांदा हे आपल्या अंगणात आलं असं मान्य केलं.

कायदा इथे वजनावर चालतो. मेफेड्रोन २ ग्रॅमपर्यंत असेल तर थोडं, ५० ग्रॅमच्या वर असेल तर व्यापारी प्रमाण आणि शिक्षा किमान १० वर्षं. गांजाला हाच हिशेब १ किलो आणि २० किलोचा. विशाखापट्टणमच्या डोंगराळ भागातून आणि ओडिशाच्या मलकानगिरीकडून निघालेला गांजा तेलंगणमार्गे मराठवाड्यात येतो, हे पोलिसांच्या कारवायांत वर्षानुवर्षं दिसत आलंय. तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींत गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्याही नव्या नाहीत. २०१२ मध्ये तर परळी तालुक्यात अफूची शेतंच्या शेतं सापडली होती. आम्ही खसखस पेरली, असं तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं होतं.

इथवर ऐकलेल्या माणसाला वाटेल की बाटलीचा जमाना संपला आणि पुडीचा आला. वर्तमानपत्रांवरून तरी तसंच दिसतं. आकडे वेगळं सांगतात.

दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी करून २०१९ मध्ये अहवाल दिला. १० ते ७५ वयोगटात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात, त्यांपैकी जवळपास ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. भांग-गांजा घेणारे ३ कोटी १० लाख. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांचा गैरवापर करणारे १ कोटी १८ लाख. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळालेले होते. हुंगण्याच्या पदार्थांत मात्र मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत. प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरच्या कोणत्याही स्थानकावर फडक्यात पंक्चरचं सोल्युशन घेऊन बसलेलं पोर पाहिलेल्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

महाराष्ट्रापुरतं पाहिलं, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी १३.९ टक्के दारू घेत असल्याचं आढळलं, बायकांत ०.४ टक्के. तंबाखू पुरुषांत ३३.८ टक्के आणि बायकांत १०.९ टक्के. हा दहावर गेलेला आकडा सिगारेटचा नसून बराचसा मिश्रीचा आणि तंबाखूच्या मळलेल्या चिमटीचा आहे. सकाळी चुलीपुढे बसून दात घासताना लागणाऱ्या या सवयीला व्यसन म्हणायला कुणी तयार होत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती कडक आहे हे टपरीवर दोन वेगळ्या पुड्या एकत्र करून देणारा हात सांगतो.

म्हणजे भीती पुडीची आहे आणि माणसं मरतात बाटलीने, तंबाखूने. एमडीची धास्ती खोटी नाही. पण त्या धास्तीच्या आड दारूवरचं लक्ष उडालं, तर जिल्ह्याचं नुकसान मोठं. एमडीवर परिसंवाद होतो, प्रभातफेरी निघते, मुलांकडून शपथ घेतली जाते. यकृत सुजून चाळिशीत गेलेल्या माणसाच्या नावे फेरी निघत नाही.

दारूबद्दलची सरकारी दृष्टी एका जागी फार स्पष्ट दिसते. शेतकऱ्याने आत्महत्या केली की पंचनामा होतो, प्रकरण जिल्हा समितीपुढे जातं आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. पात्र ठरलं तर कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते. चौकशीत आत्महत्या दारूपायी झाली असं नोंदलं गेलं, तर प्रकरण अपात्र. कर्ज, नापिकी, निराशा आणि दारू ही चार वेगवेगळ्या घरांत राहत नाहीत. एकाच माणसाच्या एकाच रात्रीत ती एकत्र येतात. तरी रकाना एकच भरायचा असतो. आणि ज्या बाईने वीस वर्षं त्या दारूचा मार खाल्ला, तिच्याच हातातला धनादेश त्या दारूमुळे जातो.

टंचाई झाली तर लोक आपोआप सुटतील, हा समज टाळेबंदीने खोटा पाडला. एप्रिल २०२१ मध्ये दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागात सॅनिटायझर पिऊन सात माणसं गेली. विषारी दारूला टंचाईच लागते असंही नाही. त्याआधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या जेवणावळीत बनावट दारू वाटली गेली आणि माणसं दगावली. ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या उपाहारगृहात तयार होत होती, असं तपासात पुढे आलं. कथेत घातलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून खोडलं असतं.

एकदम दारू तोडली की शरीर काय करतं, हे घराघरांत माहीत असायला हवं. अपघातात पाय मोडून दाखल झालेला धडधाकट माणूस पहिल्या दिवशी ठीक असतो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, एखादा फेफऱ्याचा झटका येतो. तिसऱ्या दिवशी तो चादर झटकू लागतो, अंगावर मुंग्या चढल्यात म्हणतो, कोपऱ्यात नसलेल्या माणसाशी भांडतो. नातेवाईक बाहेरची बाधा समजून अंगारा आणतात. ही विड्रॉवलची अवस्था आहे, तिच्यात मृत्यू होऊ शकतो, आणि तिच्यावरचे उपचार महाग नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या सुरुवातीलाच पुरेशा मोठ्या प्रमाणात देऊन उतरत्या प्रमाणात बंद करायच्या आणि सलाइनमधून साखर देण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यायचं. हे तालुक्याच्या रुग्णालयात होऊ शकतं.

त्याऐवजी लोक वळतात ‘नकळत दारू सोडवा’ या जाहिरातीकडे. पुडी भाजीत मिसळा, पिणाऱ्याला कळणारही नाही. त्या पुडीत काय असतं ते पाकिटावर नसतं. डायसल्फिराम असेल आणि त्या माणसाने वर दारू घेतली, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. अशक्त हृदयाचा माणूस त्यात जाऊ शकतो. हेच औषध डॉक्टर देतात तेव्हा रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन देतात. फसवून सोडवलेली दारू टिकत नाही, हा भाग वेगळाच.

मराठवाड्याकडे दारू सोडवण्याची स्वतःची एक संस्था मात्र होती आणि आहे. ती म्हणजे माळ. सप्ताहात एखादा बुवा कीर्तन रंगवतो, शेवटच्या दिवशी दोन-चार जण पुढे येऊन तुळशीची माळ घालून घेतात आणि त्या दिवसापासून दारू-मटण बंद. वर वारकऱ्यांची संगत मिळते, एकादशी येते, आषाढीला पायी जायला दिंडी मिळते. सुशिक्षितांनी याला हसण्याचं कारण नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या सभांमध्येही जाहीर कबुली, सोबत्यांची साथ आणि आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकणं, हेच असतं. फरक एवढाच की माळेला परतीचा रस्ता नसतो. माळ घातलेला माणूस घसरला की तो लाजेने सप्ताहाकडे फिरकत नाही आणि आता लपून पितो. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारावर मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा त्यांनी दार दोन्ही बाजूंनी उघडं ठेवलं. घसरलेल्या रुग्णमित्राला पुन्हा दाखल करून घेतलं जातं, बायकोलाही आधारगट मिळतो. रुग्णाचं वय खाली उतरत चाललंय हे अशा केंद्रांतले समुपदेशक गेली कित्येक वर्षं सांगत आहेत.

पण तिथला मुक्काम ३५ दिवसांचा. मंठ्याच्या मजुराने ३५ दिवस कमाई सोडून पुण्याला जायचं, बायकोने मागे घर आणि शेरडं सांभाळायची, हे बोलायला सोपं. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूरला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला एकही आलं नव्हतं. राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्याला ३६५ खाटांचं मनोरुग्णालय मंजूर झालं. २०२४ मध्ये जालन्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांसह सुरू झालं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत दूरध्वनी आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर टेलिमानस आहे. साधनं अगदीच नाहीत असं म्हणता येत नाही. ती या जिल्ह्याच्या वेळापत्रकाला जुळवून घेतलेली नाहीत.

ते वेळापत्रक असं आहे. ऊसतोड मजूर फडावरून उन्हाळ्यात परततो आणि दसऱ्यापर्यंत गावात असतो. त्याच काळात श्रावण येतो. वर्षभर पिणारे हजारो पुरुष कुणी न सांगता, स्वतःच्या मनाने, त्या महिन्यात दारू बंद ठेवतात. दुसऱ्या कोणत्या मोहिमेला एवढी माणसं एका दिवसात तयार होत नाहीत. गटारीनंतरच्या दोन-तीन दिवसांत त्यांच्यातल्या काहींचे हात थरथरू लागतात, झोप उडते, आणि ‘घोटभर घे, बरं वाटेल’ म्हणणारा शेजारी तेवढ्यात भेटतो. नेमकी त्या वेळी आशाताई दारात असायला हवी, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या शिल्लक असायला हव्यात, आणि जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरने श्रावणभर आठवड्यातून एकदा तालुक्याला येऊन बसायला हवं. खाटा दोन-चारच मोकळ्या ठेवल्या तरी चालतील, कारण बहुतेकांना दाखल व्हावंही लागत नाही. गोळ्यांची मागणी जूनमध्ये नोंदवली, आशांचं एक दिवसाचं प्रशिक्षण आषाढी एकादशीच्या आसपास झालं, तर श्रावणाच्या पहिल्या सोमवारपर्यंत आठही तालुक्यांत हे उभं राहू शकतं. खर्च जिल्हा नियोजनाच्या निधीत बसण्याइतका आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो कुणी आणायचा, एवढंच ठरायचं आहे.